श्वासाची शिल्लक



मी वैद्य नव्हे, शिक्षक आहे. परंतु निपाणी भागात अनेक घरांची चूल तंबाखूवर पेटली, म्हणून बोलतो. १९३३ साली अमेरिकेत डॉ. ग्रॅहम यांनी कर्करोग झालेले संपूर्ण फुफ्फुस काढून रोगी वाचविला. ते स्वतः धूम्रपान करीत. १९५७ साली त्याच रोगाने वारले.

ज्याची फुफ्फुसे व्रणांनी आधीच ताठर झाली आहेत, त्याच्या उरलेल्या फुफ्फुसाचा दाह शस्त्रक्रियेनंतर अकस्मात भडकू शकतो. म्हणून शल्यवैद्य आधी श्वासाची शिल्लक मोजतात. गाठ लहान असता कळली, तर थोडाच भाग काढून निभावण्याचा संभव असतो.

तेव्हा विडी सोडा, दम लागणे लपवू नका. विश्वस्तांना विनंती: गरिबाला मदत पहिल्या तपासणीलाच द्यावी.