जीपचं स्टिअरिंग थरथरतं तेव्हा

पाट्यांवरची, म्हणजे लीफ स्प्रिंगची, जुनी फोर बाय फोर जीप खड्ड्यातून गेली की कधी कधी स्टिअरिंग जोरात थरथरायला लागतं. अशा वेळी स्टिअरिंग नीट धरून, हळूहळू वेग उतरवत गाडी कडेला घ्या.

थरथर ठरावीक वेगालाच येत असेल, तर आधी टायरची हवा, बॅलन्सिंग आणि रिममध्ये वाळलेला चिखल पाहा. धक्का बसल्यावर सुरू होत असेल, तर सांध्यांतला प्ले, म्हणजे ढिलेपणा, शोधा.

इंजिन बंद करून एकाने स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवावं. दुसऱ्याने टायरॉड एन्ड, ड्रॅग लिंक आणि स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट तपासावेत. सांध्यावर बोटं ठेवली की कटकट हाताला लागते. मग मागच्या चाकांना दगड लावून पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचला, खाली स्टँड द्या आणि चाक वर-खाली धरून हलवा. हललं, तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर दोष व्हील बेअरिंगचा. राहिला तर बहुधा किंगपिनचा. पाट्यांचे बुश आणि शॅकलही बघा.

नवा स्टिअरिंग डॅम्पर टाकल्याने थरथर दबते, पण झिजलेला सांधा तसाच राहतो. म्हणून आधी सांधा बदला.