ओझरची धावपट्टी आणि अंतराळाची वाट



‘अंतराळवीर कसे व्हावे’ यावर बोला, असे तुमच्या सरांनी मला सांगितले. मी अंतराळात गेलेलो नाही. माझी सारी नोकरी ओझरला, आपण ज्याला मिगचा कारखाना म्हणतो त्या एचएएलमध्ये, उड्डाण चाचणीच्या विभागात झाली. पण पृथ्वीभोवती प्रदक्षिणा घालून आलेले आपले दोन्ही भारतीय नागरिक, राकेश शर्मा आणि शुभांशू शुक्ला, वायुदलाचे टेस्ट पायलट आहेत. आणि टेस्ट पायलट कसा घडतो, काय करतो, हे मी जवळून पाहिले आहे. तेवढ्याच अधिकारावर बोलतो.

ओझरला हा कारखाना आला तो साठच्या दशकात. चीनच्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेत गेले आणि त्याच काळात मिग-२१ साठी ओझरच्या माळावर हँगर उभे राहिले. राकेश शर्मा १९७१ च्या युद्धात हेच मिग-२१ उडवत होते. पुढे ते टेस्ट पायलट झाले आणि ३ एप्रिल १९८४ ला सोयुझ टी-११ मधून सॅल्यूत-७ या सोव्हिएत स्थानकावर गेले. तेव्हा ते ३५ वर्षांचे होते. हे पाठ्यपुस्तकात आहे. त्यानंतरचे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १९८७ मध्ये ते एचएएलमध्ये आले आणि १९९२ पर्यंत आपल्या नाशिक विभागाचे मुख्य चाचणी वैमानिक होते. सगळा देश ज्याला ओळखतो असा माणूस ओझरला येऊन कारखान्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, अजून कोणीही न उडवलेल्या विमानात बसत होता. मला त्यांच्या अंतराळयात्रेइतकाच या पाच वर्षांचा आदर वाटतो.

आता हे काम काय असते ते सांगतो, कारण माझ्या मते सगळे त्यातच आहे. नवे विमान पहिल्यांदा वर जाते तेव्हा वैमानिकाच्या मांडीवर एक कार्ड बांधलेले असते. कोणत्या उंचीवर कोणता वेग धरायचा, इंजिनाचे तापमान किती हवे, कोणते बटण केव्हा दाबायचे, सगळे ओळीने लिहिलेले. विमान उतरले की वैमानिक आमच्यासमोर बसतो. दोष सापडला असेल तर त्याला आम्ही ‘स्नॅग’ म्हणतो आणि तो लिहायचा असतो. ‘विमान थोडे डावीकडे ओढत होते’ असे मोघम चालत नाही. किती ओढत होते, कोणत्या वेगाला, चाके आत घेतल्यावर की आधी? आणि जे नीट पाहिले नाही ते पाहिले नाही असे स्पष्ट सांगावे लागते. अंदाजाने भरलेला एक आकडा पुढच्या वैमानिकाच्या जिवावर येऊ शकतो. चांगला टेस्ट पायलट मी त्याच्या धाडसावरून कधीच ओळखला नाही, त्याने लिहिलेल्या स्नॅगवरून ओळखला.

अंतराळात नेमका हाच माणूस लागतो. तिथे शास्त्रज्ञ खाली असतात, प्रयोग वर असतो आणि मध्ये असते एका माणसाची नजर. शरीराची तयारी लढाऊ विमानात आधीच झालेली असते, हा दुसरा फायदा. जोरात वळताना वैमानिकाचे वजन नऊपटीपर्यंत वाढल्यासारखे होते, रक्त डोक्याकडून पायांकडे ओढले जाते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. यानात पाठीवर आडवे झोपवतात ते त्यासाठीच. तो दाब मग छातीवर येतो, मेंदूचे रक्त टिकून राहते.

शुभांशू शुक्ला लखनौचे. एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, २००६ मध्ये वायुदलात आले, सुमारे २,००० तास उडाले. त्यांनी उडवलेल्या विमानांत मिग-२१ आहे आणि सुखोई-३० देखील. या दोन्ही जाती ओझरला बांधल्या गेल्या. जून २०२५ मध्ये ते फ्लोरिडात उड्डाणाची वाट पाहत होते. ११ जूनचे उड्डाण पुढे ढकलले, कारण रॉकेटमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली. ती बातमी वाचून अनेकांचा हिरमोड झाला. मला मात्र समाधान वाटले. कोणीतरी स्नॅग लिहिला होता, आणि तो दुरुस्त झाल्याशिवाय यान उडाले नाही. २५ जूनला ते निघाले, दुसऱ्या दिवशी त्यांचे यान आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडले गेले आणि १५ जुलैला ते सुखरूप समुद्रात उतरले.

पण मुलांनो, मला आज ज्यांच्याबद्दल खरे बोलायचे आहे ते गेलेलेच नाहीत. १९८४ मध्ये रवीश मल्होत्रा यांनी राकेश शर्मांच्या बरोबरीने सगळे प्रशिक्षण घेतले. यान सुटले तेव्हा ते जमिनीवर होते, राखीव म्हणून. २०२५ मध्ये शुक्लांच्या मागे तसेच प्रशांत नायर उभे होते. गगनयान या भारताच्या स्वतःच्या मानवी अंतराळ मोहिमेसाठी निवडलेल्या चौघांत शुक्ला आणि नायर यांच्याबरोबर अजित कृष्णन आणि अंगद प्रताप आहेत. २०२० मध्ये हे चौघे रशियात शिकायला गेले. एका पूर्ण माणसाची तयारी, कुटुंबापासून दूर राहणे, आणि खुर्ची दुसऱ्याची. म्हणून मी तुम्हाला असे सांगणार नाही की अंतराळात जायचे म्हणून वायुदलात जा. शर्मांनंतर शुक्लांपर्यंत ४१ वर्षे गेली, एवढ्या लांबीच्या आशेवर कोणाचे आयुष्य उभे राहात नाही. उडणे आवडत असेल, रोज पहाटे चारला उठून उडणे आवडत असेल, तर जा. मग खुर्ची मिळाली नाही तरी तुमचे काम पूर्णच असेल, मल्होत्रांचे होते तसे.

हेलिकॉप्टरची आवड असणाऱ्यांनीही हिरमुसू नये. नाशिक रोडच्या गांधीनगरला लष्कराचे वैमानिक हेलिकॉप्टर शिकतात, ते तुम्ही रोज ऐकता. सुनीता विल्यम्स अमेरिकी नौदलात हेलिकॉप्टरच चालवत होत्या, तिथून टेस्ट पायलट झाल्या, आणि मग नासात गेल्या.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते, पुढे एसएसबीच्या, म्हणजे निवड मंडळाच्या, मुलाखती. एक गोष्ट आजच लक्षात ठेवा: वैमानिक होण्याची कल चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तिथे सराव म्हणून जाऊन बघू, असे करू नका.

आणि मुलींनो, त्या चौघा गगनयात्रींत एकही बाई नाही. लढाऊ विमान मुलींच्या हाती २०१६ मध्ये आले आणि टेस्ट पायलट व्हायला त्यापुढे कित्येक वर्षे उडावे लागते. ती वर्षे आता भरत आली आहेत. एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ ला बाहेर पडली. एनडीएच्या तयारीसाठी शासनाची मुलींची सैनिकी सेवापूर्व संस्था आपल्या नाशिकमध्येच आहे, दहावीनंतर तिथे प्रवेश मिळतो. दहावीतल्या मुलींच्या पालकांनी या आठवड्यातच चौकशी करावी, मे महिन्याची वाट पाहू नये.

बक्षिसे अजून वाटायची आहेत, ती मुले केव्हाची ताटकळली आहेत. कार्यक्रम संपल्यावर मी मंचाच्या डाव्या बाजूला थांबणार आहे. ज्यांना विचारायचे आहे त्यांनी वही-पेन घेऊन यावे, पालकांनाही सोबत आणावे.