नागपूरचे पहिले बिशप आणि गोंडवन

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तिला लागणारे लोहखनिज आले ते दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून. त्या डोंगरांच्या परिसरात गोंडांची वस्ती फार जुनी. या लोकांना इतिहास आहे, हे इंग्रजी वाचकांना सांगणाऱ्यांत एक आयरिश धर्मगुरू होते. त्यांचे नाव आयर चॅटरटन.

चॅटरटन यांचा जन्म १८६३ चा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण झाल्यावर ते त्या विद्यापीठाच्या मिशनबरोबर छोटा नागपुरात हजारीबागला आले. पुढे १९०३ मध्ये अँग्लिकन पंथाने नागपूरचे नवे धर्मपीठ स्थापिले आणि त्याचे पहिले बिशप म्हणून त्यांची योजना झाली. मध्यप्रांत, वऱ्हाड, मध्य भारत आणि राजपुताना एवढा विस्तीर्ण मुलूख त्यांच्या देखरेखीखाली आला. छत्तीसगडही त्यातच होते. हा भार त्यांनी १९२६ पर्यंत वाहिला.

हे पद राज्यकर्त्यांच्या धर्मसंस्थेचे. छावण्यांतील गोऱ्या सैनिकांची आणि अधिकाऱ्यांची उपासना सांभाळणे हे त्यातील एक मोठे काम. परंतु चॅटरटन यांची दृष्टी छावणीच्या कुंपणाशी थांबली नाही. १९१६ मध्ये त्यांनी ‘द स्टोरी ऑफ गोंडवाना’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. गढा-मंडला, खेरला, देवगड आणि चांदा या गोंड राज्यांची हकीकत त्यात आली. रानटी म्हणून हिणवल्या गेलेल्या लोकांच्या पूर्वजांनी किल्ले बांधले, तलाव खोदले आणि राणी दुर्गावतीसारखी वीरांगना दिली, ही जाणीव त्याने दृढ केली. नागपूर शहर वसविणारा बख्तबुलंदही देवगडचा गोंड राजाच होता.

अर्थात ते मिशनरी होते, आणि गोंडांकडे त्यांनी मिशनरी म्हणूनच पाहिले. त्यांच्या ग्रंथाला ही मर्यादा आहेच. गोंडांनी आपली कथा आपल्या तोंडाने सांगावी, हे काम त्याने भागत नाही. तरीही ज्यांचे डोंगर पोखरायचे, त्यांचे पूर्वज कोण होते हे विचारण्याची तसदी त्या काळी फार थोड्यांनी घेतली होती.

चॅटरटन १९५० मध्ये निवर्तले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्याच ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा ख्रिस्ती संस्थांचे एकीकरण होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ उदयास आली आणि त्यांचे अँग्लिकन धर्मपीठ तीत विलीन झाले. पीठ गेले, राज्य त्याआधीच गेले होते. ग्रंथ मात्र उरला. भट्टीच्या उजेडात दिसणाऱ्या त्या डोंगरांकडे पाहताना, तेथील माणसांचा इतिहास विचारण्याची ती सवय आपणही जतन करावी.