संघटना न्यायाची, न्यायमूर्तींची नव्हे

वकिलांच्या संघटनेचे कर्तव्य कोणते? आपल्या व्यवसायबंधूंचे हितसंबंध जपणे, हे एक सोपे उत्तर झाले. पाकिस्तानच्या आस्मा जहांगीर यांनी आपल्या आचरणाने याहून अवघड उत्तर दिले. चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकाने त्याचा विचार करावा, इतके ते मोलाचे आहे.

त्यांचा जन्म 1952 साली लाहोरला झाला. वडील मलिक गुलाम जिलानी यांनी पूर्व बंगालमधील लष्करी कारवाईला विरोध केला होता. 1971 च्या अखेरीस ते मार्शल लॉखाली स्थानबद्ध झाले, तेव्हा एकोणीस वर्षांच्या या मुलीने न्यायालयात अर्ज केला. एप्रिल 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि याह्याखानांची सत्ता बळकावलेली, म्हणून बेकायदा ठरवली. मात्र तोवर याह्याखान पायउतार झाले होते. पुढे 1977 साली जनरल झिया सत्तेवर आले, तेव्हा त्याच न्यायालयाने ‘गरजेच्या’ तत्त्वाचा आधार घेऊन त्यांच्या राजवटीला मान्यता दिली. पडलेल्या हुकूमशहाला दोषी ठरवणे सोपे असते. बसलेल्या हुकूमशहासमोर उभे राहण्यासाठी कायद्याच्या पुस्तकामागे संघटित माणसे असावी लागतात.

आस्मा जहांगीर यांची पुढील कारकीर्द हीच माणसे उभी करण्यात गेली. 1980 साली त्यांनी बहीण हिना जिलानी व आणखी दोघी सहकाऱ्यांसह स्त्रियांचे वकिली कार्यालय काढले. 12 फेब्रुवारी 1983 रोजी, स्त्रीच्या साक्षीचे मोल घटवणाऱ्या प्रस्तावित कायद्याविरुद्ध लाहोरमध्ये स्त्रियांनी मोर्चा काढला आणि पोलिसांच्या लाठ्या झेलल्या. आस्मा जहांगीर त्या लढ्यात अग्रभागी होत्या. त्यापायी त्यांना तुरुंगवासही घडला. 1987 साली स्थापन झालेल्या पाकिस्तान मानवी हक्क आयोगाच्याही त्या एक संस्थापक होत्या. हा आयोग सरकारी नव्हे. नागरिकांनी स्वतः उभारलेला.

त्यांच्या वकिलीची आर्थिक बाजू आपल्याला विशेष जवळची वाटावी. आपल्याकडील ऊसतोडणी कामगार जिला ‘उचल’ म्हणतो, तिलाच तिथला वीटभट्टी कामगार ‘पेशगी’ म्हणतो. ही आगाऊ रक्कम मजुरीतून कधी फिटत नाही, आणि कर्जाबरोबर बायकामुलेही भट्टीला बांधली जातात. 1988 साली अशा कामगारांनी पाठवलेली तार हाच अर्ज मानून सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली. या कामगारांची बाजू आस्मा जहांगीर यांनी मांडली. 1992 साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. प्रथा त्याने संपली नाही. पण जे नशीब मानले जात होते, ते गुन्हा ठरले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मार्च 2007 मध्ये जनरल मुशर्रफ यांनी सरन्यायाधीश इफ्तिखार चौधरी यांना दूर केले आणि देशभरचे वकील काळ्या कोटांनिशी रस्त्यावर उतरले. नोव्हेंबरमध्ये आणीबाणी पुकारली गेली, तेव्हा आस्मा जहांगीर यांना घरातच स्थानबद्ध करण्यात आले. अखेर मार्च 2009 मध्ये चौधरी पुन्हा पदावर आले. विजय मिळाला होता. आणि विजयानंतरच संघटनेची खरी परीक्षा असते.

ऑक्टोबर 2010 मध्ये आस्मा जहांगीर सर्वोच्च न्यायालय वकील संघाच्या अध्यक्षपदी निवडून आल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री होत. ज्या सरन्यायाधीशांसाठी वकिलांनी मार खाल्ला, त्यांच्याच न्यायालयाने लोकनियुक्त सरकारच्या कारभारात स्वतःहून हात घालण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांनी उघड विरोध केला. वकील संघ हा न्यायाधीशांचा जयजयकार करणारा मेळा नव्हे, ही त्यांची भूमिका होती. भ्रष्ट पुढाऱ्यांना त्या पाठीशी घालतात, असा आक्षेप घेतला गेला. त्या आक्षेपात तथ्य नव्हते. पुढाऱ्यांना घालवण्याचा अधिकार मतदारांचा आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. जून 2012 मध्ये न्यायालयाने पंतप्रधान गिलानींना अपात्र ठरवले, तेव्हा त्या इशाऱ्याचा अर्थ स्पष्ट झाला.

2015 साली नागरिकांवर लष्करी न्यायालयांत खटले चालवण्यास घटनादुरुस्तीने मुभा मिळाली. दहशतवादाच्या आरोपींसाठी बोलणे तेव्हा लोकप्रिय नव्हते. तरीही वकील संघाच्या वतीने त्या उभ्या राहिल्या. पुढे निकाल विरुद्ध गेला, तरी भूमिका बदलली नाही. ज्या पक्षांशी त्यांचे तीव्र मतभेद होते, त्यांच्या माणसांची वकीलपत्रेही त्यांनी घेतली.

11 फेब्रुवारी 2018 रोजी लाहोरला त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेच्या नमाजात पुरुषांबरोबर स्त्रियाही उभ्या राहिल्या.

मित्रहो, आपण एखाद्या व्यक्तीला अन्यायाविरुद्ध साथ देतो, ती पदावर येते, आणि मग तिच्या चुका दिसूनही आपण मौन पाळतो. त्या मौनाला आपण निष्ठा म्हणतो. आपली निष्ठा तत्त्वाशी आहे की माणसाशी, हे आपला माणूस खुर्चीवर बसल्यावरच कळते. आस्मा जहांगीर या कसोटीला उतरल्या. आपापल्या संघटनेत बसून आपणही ती स्वतःला लावून पाहावी.