तीन लोंब्या आणि पाच वर्षे



कळमन्याच्या बाजार आवारात ‘नशीब’ हा शब्द जितक्या वेळा उच्चारला जातो, तितका तो नागपुरात अन्यत्र क्वचितच उच्चारला जात असेल. संत्र्याची गाडी घेऊन पहाटे आलेल्या शेतकऱ्याच्या मालाला हर्रासात जो भाव पुकारला जातो, तो त्याच्या हाती नसतो. काल आवक कमी होती म्हणून भाव चढला. आज गाड्या वाढल्या म्हणून उतरला. त्याच प्रतीचा माल शेजारच्याने आदल्या दिवशी विकलेला असतो आणि खिशात चार पैसे अधिक घेऊन तो गावी परतलेला असतो. यात चूक कोणाची? कोणाचीच नाही. म्हणून या परिसरात राहणाऱ्या, येथे अडत, हमाली वा व्यापार करणाऱ्या कुटुंबांपुढे ‘दैव वगैरे काही नसते, मनात आणले की सारे साधते’ असे सांगणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. पाऊस मनात आणून पडत नाही आणि भावही मनात आणून चढत नाही.

परंतु त्याच गाडीतील संत्र्याकडे थोडे निरखून पाहावे. कलम लावल्यापासून पहिला बहार हाती येईपर्यंत पाच-सहा वर्षे जातात. त्यानंतरही आंबिया बहार घ्यायचा तर थंडीत झाडाचे पाणी तोडून त्याला ताण द्यावा लागतो. मृग बहार घ्यायचा तर ऐन उन्हाळ्यात तो द्यावा लागतो. पाणी केव्हा तोडायचे आणि केव्हा सोडायचे, हे ज्याला कळले आणि जो त्याप्रमाणे वागला, त्याच्या झाडाला फूल लागते. म्हणजे त्या एका गाडीत दोन गोष्टी भरलेल्या असतात. एक, हर्रासाच्या काही क्षणांत ठरणारा भाव आणि दुसरी, अनेक वर्षांची निगुती. पहिली दैवाधीन आहे, दुसरी आपल्या अधीन. दुर्दैवाने माणसाची सारी चिंता पहिलीपाशी घुटमळते आणि दुसरी दुर्लक्षित राहते.

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा फार रोखठोक विचार केला आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, नानाविध चेष्टा म्हणजे प्रयत्न आणि पाचवे दैव. येथे दैवाला नाकारलेले नाही. त्याला यादीत हक्काचे स्थान आहे. मात्र ते पाचवे आहे. आधीच्या चारांची जुळवाजुळव झाल्यावर त्याचा विचार करायचा. आपण बहुधा क्रम उलटा लावतो. दैव अनुकूल दिसले तर साधने जमवू, साधने जमली तर प्रयत्न करू, असे म्हणत बसतो आणि वर्षे निघून जातात.

या पाचही कारणांचा लख्ख दाखला शोधण्यासाठी फार दूर जायला नको. नागपूरच्या कोणत्याही धान्याच्या दुकानात ‘एचएमटी’ नावाचा तांदूळ मिळतो. बारीक दाण्याचा, चवीला चांगला. विदर्भातील मध्यमवर्गीय घरांत गेली अनेक वर्षे तो शिजतो आहे. परंतु घड्याळाचे नाव तांदळाला का पडले आणि तो तांदूळ कोणी शोधला, हे त्या घरांतील किती जणांना ठाऊक असेल?

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक लहानसे गाव आहे. मराठवाड्यातील प्रसिद्ध शहराशी त्याचा नावापुरताच संबंध. झाडीपट्टीच्या या धानाच्या मुलुखात दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे अल्पभूधारक शेतकरी राहत. शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत. १९८३ साली त्यांच्या बांधीत ‘पटेल-३’ या त्या काळी लोकप्रिय असलेल्या वाणाचे धान उभे होते. त्या पिकात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांचा पिवळसर रंग भोवतालच्या धानाशी जुळत नव्हता.

हा झाला दैवाचा भाग. त्या लोंब्या दादाजींनी निर्माण केल्या नव्हत्या. निसर्गाने त्या त्यांच्या बांधीत टाकल्या. परंतु दैव बहुतेकदा असेच येते. अंगावर भरजरी शेला पांघरून, वाजतगाजत ते येत नाही. पिकातल्या विसंगतीसारखे, जवळजवळ चूक वाटावी असे येते. बियाण्याच्या शेतीत अशा वेगळ्या दिसणाऱ्या रोपांना भेसळ समजून उपटून टाकण्याचीच रीत आहे आणि बहुतेक वेळा ती योग्यही असते. दादाजींना तरी या तीन लोंब्यांत काय दडले आहे, हे कोठे ठाऊक होते? त्यांनी एवढेच केले की त्या लोंब्या वेगळ्या खुडल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या आणि पुढच्या हंगामाची वाट पाहिली.

पुढचे वर्ष उजाडले, तेव्हा त्यांनी जे केले ते विशेष मननीय आहे. त्यांचे शेत जंगलालगत होते आणि रानडुकरांचा उपद्रव होता. म्हणून त्यांनी ते मूठभर दाणे शेताच्या मधोमध, सुमारे सहा चौरस फुटांच्या चिमुकल्या तुकड्यात पेरले आणि त्याभोवती काटेरी झुडपे रचली. सारे शेत त्यांनी या नव्या ध्यासावर लावले नाही. घरच्यांच्या पोटाचे धान उरलेल्या शेतात नेहमीप्रमाणे होतेच. पण त्या सहा चौरस फुटांवर त्यांनी दुसऱ्या कशाचेही अतिक्रमण होऊ दिले नाही.

ध्येयासाठी सर्वस्व पणाला लावणाऱ्यांच्या कथा आपल्याला आवडतात. त्या ऐकून रक्त सळसळते आणि दोन दिवसांनी निवते. आपल्याकडे अशा माणसाला एक नेमका शब्द आहे: आरंभशूर. पाडव्याला संकल्प सोडायचा, पहिल्या आठवड्यात पहाटे चारला उठायचे, दुसऱ्या आठवड्यात सहाला आणि तिसऱ्या आठवड्यात ‘यंदा जमले नाही’ म्हणून मोकळे व्हायचे. आरंभशूराची चूक उत्साहाच्या अभावाची नसते. तो पहिल्याच दिवशी सारे शेत नांगरायला घेतो आणि कुंपण मात्र घालत नाही. संसार, नोकरी, आजारपण, लग्नसराई ही सारी आयुष्यातील रानडुकरेच आहेत. ती येणारच. त्यांच्यावर रागावण्यापेक्षा काटे आधी रचलेले बरे.

आधुनिक मानसशास्त्रही निराळ्या वाटेने येथेच पोहोचले आहे. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात दाखवून दिले की, नुसता ‘हे करीन’ असा निश्चय करणाऱ्यापेक्षा ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक प्रकारे करीन’ असे आधीच ठरवणारा माणूस आपला निश्चय अधिक वेळा पार पाडतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास करून २००९ साली निष्कर्ष मांडले. एखादी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे त्यांना आढळले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणासाठी २५४ दिवसांचा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसे बिघडत नाही, हेही त्यांना दिसले. एकवीस दिवसांत आयुष्य बदलण्याची हमी देणाऱ्यांनी आणि एका दिवसाच्या खंडाने संकल्प सोडून देणाऱ्यांनी, दोघांनीही हे ध्यानात ठेवावे.

दादाजींपाशी तर दिवसांचा नव्हे, वर्षांचा हिशेब होता. धान स्वपरागित पीक आहे. त्यामुळे वेगळ्या निघालेल्या लोंबीचे गुण निवडीने पिढ्यानपिढ्या टिकवता येतात. परंतु पावसावरच्या शेतीत धान वर्षातून एकदाच पिकते. पऱ्हे टाकायचे, रोवणी करायची, कापणीच्या वेळी पुन्हा लोंबी न् लोंबी पाहून निवड करायची आणि मग वर्षभर थांबायचे. पाच वर्षांत प्रयोगाच्या संधी फक्त पाच. प्रयोगशाळा नाही, मार्गदर्शक नाही, शाबासकी देणारे कोणी नाही. १९८८पर्यंत त्यांच्या हाती असा वाण आला, ज्याचा दाणा मूळच्या ‘पटेल-३’हून बारीक, उतारा अधिक आणि भात अधिक चांगला होता. १९९०मध्ये गावातीलच एका मोठ्या शेतकऱ्याने हे बियाणे आपल्या शेतात लावले. भरघोस पीक आले. ते तळोधीच्या बाजारात गेले, तेव्हा त्या धानाला नावच नव्हते. एचएमटीची घड्याळे तेव्हा मोठ्या तोऱ्यात होती. व्यापाऱ्याने तेच नाव ठेवून दिले. पाहता पाहता तो वाण अनेक राज्यांत पसरला.

प्रेरणादायी भाषणे सहसा येथेच थांबतात. प्रयत्न केला, फळ मिळाले, टाळ्या. परंतु खरी गोष्ट येथे थांबत नाही आणि न थांबण्यातच तिचे मोल आहे.

बियाणे हातोहात पसरले, पण ज्याने ते शोधले त्याच्या घरी त्यातून संपत्ती आली नाही. १९९४मध्ये कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित झाला. आपण निवडपद्धतीने वाण शुद्ध केला, असे विद्यापीठाचे म्हणणे. आपले श्रेय आपल्याला मिळाले नाही, ही दादाजींची व्यथा. मधल्या काळात मुलाच्या आजारपणापायी जमीन विकावी लागली. ज्याच्या वाणाने हजारो शेते पिकत होती, त्याच्यापाशी स्वतःचे शेत उरले नाही. मग नातेवाइकाच्या दीड एकरावर त्यांनी आपले प्रयोग पुढे चालवले. ‘नांदेड-९२’, ‘नांदेड हिरा’ असे आणखी वाण त्यांनी निवडले. एका वाणाला त्यांनी स्वतःच्याच नावाची आद्याक्षरे दिली: ‘डीआरके’. पहिल्या वाणाला व्यापाऱ्याने घड्याळाचे नाव दिले होते. या आद्याक्षरांत किती स्वाभिमान आणि किती वेदना सामावली असेल, याची कल्पना सुज्ञांनी करावी.

मानसन्मान आले, पण उशिरा. २००५मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. २०१०मध्ये ‘फोर्ब्स’ने देशातील प्रभावी ग्रामीण उद्योजकांत त्यांचे नाव घेतले. ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील शोधग्राम येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले, तेव्हाही आर्थिक ओढगस्त संपलेली नव्हती.

तरुण श्रोत्यांच्या मनात साहजिकच प्रश्न येईल: मग काय उपयोग? पाच वर्षे लोंब्या निवडून शेवटी पदरात काय पडले?

या प्रश्नाला बगल देता कामा नये. उत्तर असे की ध्येयसिद्धी आणि मोबदला ही दोन स्वतंत्र खाती आहेत. पहिले खाते दादाजींचे पूर्ण भरलेले होते. चांगला धान शोधायचा, हे त्यांनी ठरवले आणि ते त्यांनी करून दाखवले; ते कोणालाही त्यांच्याकडून काढून घेता आले नाही. जमीन गेल्यावरही ते पुन्हा बांधीत उतरले, याचे दुसरे स्पष्टीकरण देता येत नाही. जो केवळ मोबदल्यासाठी काम करतो, तो मोबदला चुकताच थांबतो.

परंतु दुसरे खाते रिते राहिले, त्याचे खापर दैवावर फोडून आपल्याला सुटता येणार नाही. फळाची आसक्ती न धरता कर्म करावे, हे कर्त्याने स्वतःला सांगायचे असते. ज्याचे फळ आपण चाखतो, त्यालाच तो उपदेश करणे हा धर्म नव्हे. ती सोय झाली. दैव देते आणि कर्म नेते, अशी म्हण आहे. दादाजींना दैवाने दिले, त्यांच्या कर्माने ते सांभाळले आणि नेले ते मात्र समाजाच्या विस्मरणाने. २००१च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंद करण्याचा हक्क दिला आहे. असा हक्क गावोगावच्या निरक्षर, अर्धशिक्षित संशोधकांपर्यंत पोहोचवणे, त्यांचे अर्ज भरून देणे, हे काम सुशिक्षित कार्यकर्त्याने अंगावर घेण्याजोगे नाही काय? एका माणसाचे पाचवे कारण अनेकदा दुसऱ्या माणसाच्या हाती असते.

कळमन्यातून आज घरी जाताना प्रत्येकाने आपल्या सहा चौरस फुटांचा विचार करावा. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, सुटलेली पेटी, डॉक्टरांनी सांगितलेले चालणे, वस्तीतील मुलांची शिकवणी. जे असेल ते, पण एकच. त्याची वेळ ठरवावी, जागा ठरवावी आणि सर्वांत आधी कुंपण घालावे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथेच जावे. फळ कधी आणि कोणाला मिळेल, ते पाचव्या कारणावर सोडावे.

आणि घरात एचएमटीचा भात वाढला जाईल, तेव्हा ताटावर बसलेल्या मुलांना एक नाव जरूर सांगावे: दादाजी रामाजी खोब्रागडे. ज्या अन्नाची चव आपण घेतो, त्याचे एवढे ऋण तरी फेडण्याजोगे आहे.