रिव्हर्ट म्हणजे नक्की काय करायचं?

आजच्या भागात एकच शब्द घेतोय, रिव्हर्ट. आपल्या ऑफिसच्या इंग्रजीत तो इतका रुळलाय की 'प्लीज रिव्हर्ट' लिहिताना आपण विचारही करत नाही. मीही करत नव्हतो. मग एक शुक्रवार आला.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले जात होते. ती चूक शोधून सुधारायला मला तीन आठवडे लागले. बदल मुख्य कोडमध्ये गेला, रात्री रिलीज होती. आमच्या टीममधला एकजण इंग्लंडमध्ये बसतो. त्याला मी इंग्रजीत लिहिलं, 'माझा बदल एकदा बघ आणि रिलीजच्या आधी प्लीज रिव्हर्ट.' थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं, 'डन.' मी खूश होऊन लॅपटॉप बंद केला.

सोमवारी कळलं की त्याने माझा बदल काढून टाकला होता. मी सांगितलं होतं तेच केलं होतं बिचाऱ्याने! रिलीज माझ्या सुधारणेशिवाय गेली आणि शनिवार-रविवारीही लोकांचे पैसे दोनदा कापले गेले. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझा मेसेज वाचून दाखवला गेला. मला वाटलं होतं, मी उत्तर मागितलंय.

त्या रात्री घरी फोन केला. म्हटलं, "बाबा, माझं काम रिव्हर्ट झालं." बाबा एकदम गप्प. मग हळूच म्हणाले, "म्हणजे खालच्या पोस्टवर टाकलं का रे?" बाबांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली. तिथे रिव्हर्शन म्हणजे बढती मिळालेल्या माणसाला परत मूळच्या खालच्या पदावर पाठवणं. एकाच शब्दाचे तीन माणसांनी तीन अर्थ लावले होते. तेव्हा म्हटलं, हा शब्द आला कुठून ते तरी बघू.

तर मूळ लॅटिन. 'रे' म्हणजे मागे आणि 'व्हर्टेरे' म्हणजे वळणं किंवा वळवणं. शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. अर्थ, पूर्वीच्या जागी किंवा पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. बोलणारा मूळ विषयाकडे वळतो, माणूस जुन्या सवयीवर जातो, कायद्यात मुदत संपली की मालमत्ता मूळ मालकाकडे जाते. या सगळ्याला रिव्हर्ट म्हणतात. बाबांचा अर्थ थेट याच घरातला. 'रिव्हर्ट बॅक'मधला 'बॅक' मात्र जादा आहे, मागे जाणं शब्दात आधीच आलंय.

गंमत म्हणजे हे 'व्हर्टेरे' आणि आपला संस्कृत 'वृत्' धातू एकाच प्राचीन मुळातून आलेत. वर्तुळ, निवृत्ती, परावर्तन हे सगळे त्या 'वृत्'चे. इंग्रजी 'व्हर्जन' 'व्हर्टेरे'वरून आणि आपली 'आवृत्ती' 'वृत्'वरून. म्हणजे सॉफ्टवेअरच्या व्हर्जनला आपण आवृत्ती म्हणतो, तेव्हा ते दोन शब्द चुलत भावंडं निघतात.

मग रिव्हर्ट म्हणजे उत्तर देणं, हे चूकच का? मला तसं वाटत नाही. हा अर्थ भारतात चालतो, सिंगापूर-मलेशियातही चालतो. आणि तो काही आकाशातून पडलेला नाही. आपल्याकडे जुन्या पत्रांत 'उलट टपाली कळवावे' असायचं. आई ओरडते, "उलटून बोलू नकोस." इंग्रजीतल्या 'रिटॉर्ट'चं मूळही 'मागे पिळणं' असंच आहे, आणि अर्थ झालाय झणझणीत प्रत्युत्तर. वळणं आणि उत्तर देणं ही जोडी अनेक ठिकाणी सापडते. त्यामुळे 'इंडियन इंग्लिश' म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. पण ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाला हा अर्थ सहसा माहीत नसतो, आणि सॉफ्टवेअरवाल्यासाठी तर रिव्हर्ट ही कमांड आहे.

त्या कमांडनेच मला वाचवलं. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये गिट बनवलं. त्यात रिव्हर्ट केलं की जुना बदल इतिहासातून पुसला जात नाही. त्याच्या बरोबर उलटा असा एक नवा बदल वर चढतो. म्हणजे माझे तीन आठवडे जागेवरच होते. आम्ही त्या रिव्हर्टचाच रिव्हर्ट केला, टेस्ट पुन्हा चालवल्या आणि सोमवारी दुपारी सुधारणा परत सुरू झाली. ग्राहकांना पैसे परत करायला मात्र पुढचा अख्खा आठवडा गेला. ते काम एका कमांडने होत नाही.

तेव्हापासून मला उत्तर हवं असेल तर मी 'रिप्लाय' लिहितो. समोरचा पुण्याचा असो की लंडनचा. शब्द आपल्याकडे बरोबर असून भागत नाही, वाचणारा त्यावरून काय करणार आहे ते बघावं लागतं. आणि कुणाचं नुसतं 'डन' आलं, तर मी विचारतो, "काय डन?"

तुमच्या कामातही असा घोळ घालणारा शब्द असेल तर जरूर कळवा. मी उत्तर देईन. भेटू पुढच्या भागात.