जुना संगणक आणि मेमरीची राखण

जालन्याच्या मोंढ्यात, दुकानात कुठे जुना संगणक हिशेबाला असेल, तर ‘जनरल प्रोटेक्शन फॉल्ट’ ही सूचना ओळखून ठेवा. विंडोज ३.१ मध्ये, १९९२ पासून, ती दिसू लागली.

प्रत्येक प्रोग्रामला मेमरीत ठरावीक जागा असते. शेजाऱ्याचा बांध कोरावा तसा एखादा प्रोग्राम दुसऱ्याच्या जागेत घुसला, की प्रोसेसर त्याला अडवतो आणि ही सूचना दिसते. इंटेलने अडवण्याची ही सोय १९८२ च्या ८०२८६ प्रोसेसरमध्ये आणली.

ठरावीक प्रोग्राममध्येच ही सूचना येत असेल, तर तो पुन्हा टाका. वेगवेगळ्या प्रोग्राममध्ये येत असेल, तर रॅम तपासून घ्या. सूचनेतला मजकूर लिहून ठेवा. दुरुस्ती करणाऱ्याला उपयोगी पडतो. आणि हिशेबाची दुसरी प्रत आजच काढा.